गोठ्यातील औषध घरात नको



उसावर मोझॅक आला तर आम्ही बुरशीनाशक फवारा म्हणत नाही. तो विषाणूचा रोग; त्याला निरोगी बेणे हाच उपाय. माणसाच्या आजारातही रोग कोणता आणि औषध कशाचे, हे आधी पाहावे लागते.

आयव्हरमेक्टिन आपल्या ओळखीचे आहे. जनावरांचे जंत, खरूज, उवा यांवर ते चालते. सन २०२० मध्ये प्रयोगशाळेत त्याने करोनाचा विषाणू रोखला. पण नेहमीच्या डोसाने तेवढे औषध माणसाच्या रक्तात उतरत नाही. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते करोनावर फक्त चाचणीपुरते वापरावे असे सांगितले. तरी मे महिन्यात गोवा सरकारने १८ वर्षांवरील सर्वांना पाच दिवस या गोळ्या देण्याचे जाहीर केले. पुढे २०२२ मध्ये ब्राझीलमधील १,३५८ रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला. दवाखान्यात भरती होणे काही टळले नव्हते.

वाशिम जिल्ह्यात खेड्यातून डॉक्टर लांब, गोठ्यातली बाटली मात्र हाताशी. पण तिचा डोस जनावराच्या वजनाचा. माणसाला जादा झाला तर ओकाऱ्या, झटके, बेशुद्धीसुद्धा. म्हणून आमचे सांगणे एवढेच : ताप आला की दवाखाना गाठा, बाटली गोठ्यातच राहू द्या.

— ऊस विकास अधिकारी