टॅक्स वकील व्हायचंय? दुकान चालू ठेवणार असाल तर आधी हे वाचा

कामोठ्यात मानसरोवर स्टेशनकडून आत आलं की 'जीएसटी, आयटीआर, गुमास्ता, पॅन कार्ड' अशा पाट्या दिसतात. त्या बघून पुष्कळांना वाटतं, आपणही टॅक्सचे वकील व्हावं. पण ही पाटी लावायला वकिलीची सनद लागत नाही.

कॉमर्स, लॉ, बँकिंग किंवा बिझनेस मॅनेजमेंटची पदवी असेल तर जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून पोर्टलवर नोंदणी करता येते. फॉर्म पीसीटी-01. परीक्षा असते, पास व्हायला 50 टक्के लागतात. मग रिटर्न, रिफंडचे अर्ज, नोंदणीतले बदल ही कामं करता येतात, अधिकाऱ्यासमोर व्यापाऱ्याची बाजूही मांडता येते.

मग वकील कुठे लागतो? समजा, एका केटररवर 3 लाखांच्या टॅक्सची ऑर्डर निघाली. अपिलाला मुदत 3 महिने. उशिराचं कारण पटलं तर आणखी 1 महिना, त्यापुढे अपील अधिकाऱ्याच्याही हातात काही नाही. शिवाय वादातल्या टॅक्सच्या 10 टक्के, म्हणजे 30,000 आधी भरायचे. ही तारीख चुकली आणि हायकोर्टात रिट करायची वेळ आली, की तिथे प्रॅक्टिशनर उभा राहू शकत नाही. तिथे वकीलच पाहिजे.

वकील व्हायचा रस्ता सरळ आहे, पण लांब. बारावीनंतर 5 वर्षं किंवा पदवीनंतर 3 वर्षं एलएलबी. त्याआधी लॉ सीईटी. घरबसल्या पत्राद्वारे केलेली एलएलबी चालत नाही. मग महाराष्ट्र आणि गोवा बार काउन्सिलमध्ये नोंदणी (2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की खुल्या वर्गाकडून नोंदणी फी 750 रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाही), आणि त्यानंतर ऑल इंडिया बार परीक्षा.

आता मुद्द्याचं. सनद घेतली की वकिलाला स्वतः धंदा चालवता येत नाही. पगारी पूर्णवेळ नोकरी चालत नाही. जाहिरातही करता येत नाही, म्हणजे इन्स्टावर 'पहिली केस फ्री' वगैरे विसरा! धंद्यात स्लीपिंग पार्टनर राहता येतं, पण तो धंदा वकिलीच्या प्रतिष्ठेला न शोभणारा नको. म्हणजे ज्याचं झेरॉक्सचं दुकान चालू आहे आणि घर त्यावरच चालतं, त्याने सनदेसाठी अर्ज करायच्या आधी घरच्यांशी बोलून ठरवायचं: दुकान कोणाच्या नावावर आणि कोण बसणार?

सुरुवातीची वर्षं सिनियरकडे जातात आणि हातात येणारे पैसे थोडेच असतात. नानी पालखीवालासुद्धा जमशेटजी कांगांच्या चेंबरमध्येच तयार झाले. दोघांचं आयकरावरचं पुस्तक 1950 मध्ये आलं, आजही टॅक्सवाले ते उघडतात. सिनियर निवडताना माझं मत असं: मोठ्या नावापेक्षा नोटिशीचं उत्तर तुम्हाला स्वतः लिहू देणारा माणूस बघा.

ज्यांना आत्ता कमाई हवी, त्यांनी प्रॅक्टिशनरपासून सुरू करावं. वर्षभर रिटर्न भरलेत की नोटिसा कुठून उगवतात ते कळतं, आणि एलएलबीला बसायचं की नाही हेही ठरवता येतं.

पुढच्या व्हिडिओत पीसीटी-01 स्क्रीनवर भरून दाखवतो. पदवीचं प्रमाणपत्र स्कॅन करून ठेवा.