सपाट छपराचे जलरोधन

पावसापासून निवारा मिळवण्याचे दोन मार्ग मनुष्याला फार प्राचीन काळापासून ठाऊक आहेत. पडलेले पाणी तत्काळ वाहून जाईल असे उतरते छप्पर उभारणे हा पहिला मार्ग होय. आणि पाणी काही काळ थांबले तरी आत उतरणार नाही असे सपाट छप्पर बांधणे हा दुसरा. ह्या दोहोंपैकी कोणता मार्ग पत्करावयाचा हे भारतात पूर्वी मुख्यतः पर्जन्यमानच ठरवीत असे. केरळ, कोकण आणि आसाम ह्या अतिवृष्टीच्या प्रदेशांत कौलांची, गवताची किंवा पत्र्याची उतरती छपरे दिसत. लडाख, राजस्थान आणि दख्खनचे कोरडे पठार येथे सपाट मातीची छपरे रूढ होती. महाराष्ट्रातील माळवद किंवा धाब्याचे घर हे ह्याच दुसऱ्या परंपरेतील आहे.

सळयांच्या काँक्रीटने ही जुनी सांगड मोडली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जयपूरप्रमाणेच मुंबईत आणि कोचीतही सपाट गच्च्या सर्वत्र बांधल्या जाऊ लागल्या. उभ्या भिंतींवर टाकलेली काँक्रीटची लादी हे छप्परही होते आणि पुढील मजल्याची जमीनही होऊ शकते. त्यामुळे तिची सोय निर्विवाद आहे. परंतु मुळात कोरड्या प्रदेशाला साजेसा हा आकार जेथे चार महिन्यांत २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो तेथे आला, तेव्हा एक नवा प्रश्न निर्माण झाला. केरळात काँक्रीटच्या छपरावर पुन्हा पत्र्याचे उतरते छप्पर चढवलेली घरे आज सर्रास दिसतात, आणि मुंबईतील अनेक इमारतींवर पावसाळ्याच्या तोंडी निळी ताडपत्री अंथरली जाते. हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही, हेच त्यावरून दिसून येते.

जुने उपाय

सपाट छपराच्या रक्षणासाठी देशाच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या पद्धती विकसित झाल्या. पंजाब, हरयाणा व दिल्लीकडे भुसा मिसळलेल्या मातीचा दाबून बसवलेला थर देऊन त्यावर विटांच्या फरश्या बसवीत. तमिळ प्रदेशातील जुन्या घरांत लाकडी तुळयांवर विटा उभ्या बसवून, त्यांवर विटांचा चुरा व चुना ह्यांचा थर पसरीत आणि तो हिरडा व गूळ ह्यांचे पाणी शिंपडत दिवसचे दिवस लाकडी चोपण्यांनी ठोकीत. मुंबईत विटांच्या तुकड्यांचा कोबा करून, त्याला उतार देऊन, वर सिमेंटचा गुळगुळीत थर देण्याची रीत पडली.

ह्या सर्व पद्धतींत एक समान तत्त्व आहे. पाण्याला अडवण्याचे काम त्या जाडीवर सोपवतात. जाड थर पाणी काही काळ शोषून घेतो आणि ऊन पडल्यावर ते परत सोडतो. शिवाय तो उन्हाच्या तापापासून लादीचे रक्षणही करतो. ह्या पद्धतींचे हे गुण विसरून चालणार नाहीत. मात्र त्यांच्या मर्यादाही आहेत. १० ते १२ सेंटिमीटर जाडीच्या कोब्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोग्रॅम भरते. जुन्या कोब्यावर दुरुस्ती म्हणून दुसरा कोबा घातला की हे ओझे दुप्पट होते, आणि ते पेलण्याची ताकद वृद्ध इमारतीत असतेच असे नाही. दुसरी मर्यादा ताठरपणाची आहे. उन्हाळ्यात छपराचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सियसपर्यंत तापू शकतो व पहिल्या सरीबरोबर एकाएकी थंड होतो. १० मीटर लांबीची काँक्रीटची लादी ४० अंशांच्या फरकाने सुमारे ४ मिलिमीटरने लांब किंवा आखूड होते. ताठर थराला ही हालचाल सोसत नाही. त्याला तडे जातात.

लेपाचे तत्त्व

द्रवरूप जलरोधक लेपाची कल्पना ह्याच्या अगदी उलट आहे. येथे रक्षणाचा भार जाडीऐवजी अखंडतेवर आणि लवचिकपणावर असतो. द्रव पसरला जातो, वाळतो आणि छपरावर सांधा नसलेली, रबरासारखी ताणली जाणारी पातळ त्वचा तयार होते. ही कल्पना अगदीच नवीन आहे असे नाही. सिंधमधील मोहेंजोदडो येथे सुमारे ४,५०० वर्षांपूर्वी बांधलेल्या महास्नानगृहाच्या भिंतीत पाणी झिरपू नये म्हणून नैसर्गिक डांबराचा थर दिलेला आढळला आहे. नवे आहे ते रसायनशास्त्राने दिलेले द्रव्य.

आज प्रचारात असलेल्या लेपांचे तीन मुख्य प्रकार सांगता येतील. डांबरी लेप स्वस्त असतो, परंतु उघड्या उन्हात तो काही वर्षांत कडक व ठिसूळ होतो. ॲक्रिलिक लेप पाण्यात मिसळलेल्या बहुवारिकाचा, म्हणजेच पॉलिमरचा, दुधासारखा द्रव असतो. पाणी उडून गेले की त्यातील सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून पापुद्रा तयार होतो. हा लेप ऊन चांगले सोसतो. परंतु ज्या ठिकाणी पाणी दिवसेंदिवस साचून राहते तेथे तो मऊ पडून सुटण्याचा संभव असतो. पॉलियुरेथेनचा लेप अधिक बळकट असतो आणि साचलेले पाणीही अधिक चांगले सोसतो. तो महाग असतो आणि त्याच्या काही प्रकारांना उन्हापासून वाचवण्यासाठी वरून निराळा थर द्यावा लागतो.

पांढऱ्या लेपाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. सूर्यप्रकाश परावर्तित करून घर थंड ठेवण्यासाठी छपरे पांढरी रंगवण्याचा प्रसार अलीकडे होत आहे. तेलंगण राज्याने २०२३ साली ह्याविषयी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. हा उपक्रम स्तुत्य आहे. तथापि प्रत्येक पांढरा रंग पाणी अडवतो असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. जलरोधक लेप पांढरा असू शकतो. पण चुन्याचा किंवा साधा पांढरा रंग उष्णता परतवीत असला तरी भेगेवर ताणला जात नाही.

लेपापूर्वीचे काम

लेपाच्या यशापयशाचा निर्णय बहुतांशी डबा उघडण्यापूर्वीच झालेला असतो. सर्वांत प्रथम उतार पाहावा लागतो. सपाट म्हटले जाणारे छप्पर वस्तुतः सपाट असता कामा नये. पाणी निघून जाण्याच्या तोंडाकडे दर १०० सेंटिमीटरला निदान १ सेंटिमीटर इतका उतार असावा. एक सेंटिमीटर खोलीचे साचलेले पाणी दर चौरस मीटरला १० किलोग्रॅम भार टाकते आणि प्रत्येक सूक्ष्म छिद्राला आत शिरण्यासाठी वेळ देते. खोलगट जागा आधी भरून घेतल्या पाहिजेत. लेप पाण्याला अडवतो. त्याला वाट दाखवण्याचे काम उतारानेच करावयाचे असते.

त्यानंतर सांधे पाहावेत. छप्पर क्वचितच मध्यभागी गळते. कठडा आणि लादी मिळतात तो कोपरा, नळ आरपार गेलेली जागा, पाणी निघण्याचे तोंड, टाकीचे पाये आणि अलीकडे सौर तावदानांसाठी ठोकलेले खिळे ही पाण्याची खरी प्रवेशद्वारे होत. काटकोनी कोपऱ्यात लेप पातळ होतो व हालचालीने फाटतो. म्हणून तेथे गिलाव्याची गोलाई द्यावी लागते. उत्तर भारतातील गवंडी तिला ‘गोला’ म्हणतात आणि निचऱ्याच्या तोंडाभोवतीच्या उथळ खोलगट बांधणीला ‘खुर्रा’ म्हणतात. ही दोन कामे दिसावयास क्षुल्लक असली तरी छपराचे आयुष्य त्यांवर अवलंबून असते.

भेगांविषयी एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हलणाऱ्या भेगेवर लेप दोन्ही बाजूंनी घट्ट चिकटलेला असेल, तर भेग एक मिलिमीटरने रुंदावताच तो सर्व ताण केसभर रुंदीच्या लेपावर येतो आणि कितीही लवचिक लेप तेथे तुटतो. त्याच भेगेवर प्रथम न चिकटणारी ५ सेंटिमीटर रुंदीची पट्टी ठेवून वरून लेप दिला, तर तोच एक मिलिमीटरचा ताण ५० मिलिमीटर लांबीत विभागला जातो, म्हणजे लेपाला केवळ २ टक्के ताणावे लागते. त्यावर काचतंतूंची किंवा पॉलिएस्टरची जाळी लेपात बुडवून बसवली की तो भाग भक्कम होतो.

शेवटी स्वच्छता आणि कोरडेपणा. शेवाळ, धूळ, सुटा गिलावा व जुन्या लेपाचे पोपडे तारेच्या ब्रशाने काढून छप्पर धुवावे आणि पुरते वाळू द्यावे. नवे काँक्रीट निदान २८ दिवसांचे झालेले असावे. वरून कोरडी दिसणारी लादी आतून ओली असू शकते. तिची परीक्षा सोपी आहे: सुमारे अर्धा मीटर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा कागद चारी कडांनी चिकटवून एक दिवस तसाच ठेवावा. त्याच्या आतील अंगाला पाण्याचे थेंब जमले, तर अजून थांबणे भाग आहे. ओल्या लादीवर लेप दिला तर कोंडलेल्या पाण्याची उन्हाने वाफ होते आणि ती लेपाला खालून ढकलून फुगे आणते.

जाडीचे गणित

एक लिटर द्रव एक चौरस मीटर जागेवर समान पसरला की त्याची ओली जाडी बरोबर एक मिलिमीटर होते. परंतु द्रवातील सर्व भाग मागे राहत नाही. घन भाग आकारमानाने ६० टक्के असेल, तर वाळल्यावर ०.६ मिलिमीटर जाडी उरते. म्हणजेच १०० चौरस मीटरच्या गच्चीवर एक मिलिमीटरची कोरडी त्वचा हवी असेल, तर सुमारे १६७ लिटर द्रव लागेल. पृष्ठभाग खडबडीत असल्यास त्याहूनही अधिक. तीच गच्ची कोणी ६० लिटरमध्ये उरकली, तर जाडी ०.३६ मिलिमीटर भरेल. दोन्ही छपरे पहिल्या दिवशी सारखीच दिसतील. त्यांतील भेद दोन-तीन पावसाळ्यांनंतर कळतो, आणि तोवर खर्च होऊन गेलेला असतो. ह्या साध्या गणिताच्या आधारे कोणताही गृहस्थ रिकामे डबे मोजून झालेल्या कामाची पडताळणी करू शकतो.

प्रथम पातळ अस्तराचा हात देऊन त्यावर निदान दोन हात द्यावेत. दुसरा हात पहिल्याला आडवा असावा. दोन हातांचे रंग किंचित वेगळे ठेवल्यास राहून गेलेली जागा डोळ्यांना तत्काळ दिसते. एकदाच जाड थर दिला तर वरचा पापुद्रा आधी वाळतो आणि आतील पाणी कोंडते. भर दुपारच्या उन्हात काम करणे टाळावे. तसेच दव पडण्यापूर्वी काही तास मोकळे मिळतील असे पाहावे. लेप कठड्यावरही सुमारे ३० सेंटिमीटर चढवावा. तो पुरता पक्का झाल्यानंतर निचऱ्याची तोंडे बुजवून, इमारत तेवढा भार पेलू शकत असल्यास, गच्चीवर २५ ते ५० मिलिमीटर पाणी निदान २४ तास उभे करून परीक्षा घ्यावी.

ऋतूचे बंधन

ह्या कामातील सर्वांत मोठी अडचण मात्र रासायनिक नाही. गळती दिसते ती पावसाळ्यात, आणि तिचा इलाज करता येतो तो कोरड्या दिवसांत. मुंबईत जुलै महिन्यात छताला ओल दिसली की लोकांना छपराची आठवण होते. तेव्हा लादी भिजलेली असते आणि लेप टिकण्याचा संभव नसतो. फेब्रुवारीत, जेव्हा सर्व काही साध्य असते, तेव्हा ओल वाळून गेलेली असते आणि तिचा विसर पडलेला असतो. प्रत्येक प्रदेशाचे पंचांग निराळे आहे. केरळात मे संपण्यापूर्वी काम पुरे व्हावयास हवे; तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडत असल्याने तेथे वर्षाचा पूर्वार्ध सोयीचा; लडाखमध्ये गोठणारी थंडी टाळून उन्हाळ्याचेच थोडे महिने हाती लागतात.

विलंबाची किंमत केवळ भिंतीवरील डागांत मोजता येत नाही. झिरपलेले पाणी काँक्रीटमधील सळयांपर्यंत पोहोचले की त्या गंजू लागतात. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्या दाबाने खालील काँक्रीट फुगते, सुटते आणि अखेरीस माणसांच्या अंगावर कोसळते. छताचा गिलावा पडू लागला की प्रश्न डागडुजीचा राहत नाही. सळयांची आणि लादीची तपासणी जाणकार अभियंत्याकडून करवून घेणे आवश्यक होते. वरून दिलेला लेप पुढील पाणी अडवील, परंतु गंजलेली सळई पूर्ववत करणार नाही.

लेप कायमचा नसतो. त्याच्यावरून चालणे, पापड-मिरच्या वाळवणे, पतंग उडवणे, कुंड्या सरकवणे हे सारे भारतीय गच्चीच्या जीवनाचा भाग आहेत आणि ते बंद व्हावे अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. वर्दळीच्या गच्चीवर लेपावर फरश्यांचे आच्छादन द्यावे. इतरत्र वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, छपरावर एक फेरी मारावी, निचऱ्याच्या तोंडातील पाचोळा काढावा आणि फाटलेल्या जागी लगेच हात फिरवावा. एवढ्या अल्प श्रमाने लेप आपले पूर्ण आयुष्य गाठतो, आणि ज्या लादीसाठी कुटुंबाने आपली पुंजी घातली ती त्याहूनही कितीतरी अधिक काळ सुरक्षित राहते.