जमिनीवर पाय न ठेवता

जंगलावर विमानातून फवारलेलं विष समुद्रात राहणाऱ्या माणसाच्या चरबीत जाऊन बसतं. त्या माणसाची बोट कधी धक्क्याला लागलेली नाही, तो त्या देशाच्या मातीला शिवलेला नाही आणि फवारणी करणारं विमान त्याने बहुधा पाहिलेलंही नाही. असं होऊ शकेल का? अमेरिकन सरकार बरीच वर्षं म्हणत होतं, छे, भलतंच काय! पण ज्यांना हा प्रश्न पडला होता ते म्हातारे होत चालले होते. कुणाला मधुमेह, कुणाला प्रोस्टेटचा कर्करोग, कुणाचे हात थरथरू लागलेले. या गोष्टीत मला सगळ्यात नवल वाटतं ते विषाच्या वाटेचं. ती इतकी आडवळणाची आहे की सरकारला ती दिसली नाही याचं एका अर्थी आश्चर्य वाटू नये.

आधी हे सांगायला हवं, की व्हिएतनाम युद्धात अमेरिकेचं कोस्ट गार्ड तिथल्या किनाऱ्यावर करत काय होतं? आपलं तटरक्षक दल 1977 पासूनचं, संरक्षण मंत्रालयाखालचं. अमेरिकेचं कोस्ट गार्ड 1965 मध्ये चक्क अर्थखात्याखाली होतं! चोरटा माल पकडायचा, बुडत्यांना वाचवायचं, दीपगृहं सांभाळायची, ही त्यांची रोजची कामं. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत व्हुंग रो नावाच्या खाडीत शस्त्रांनी भरलेली एक बोट सापडली आणि उत्तर व्हिएतनामकडून समुद्रामार्गे किती हत्यारं येत असतील याचा अमेरिकनांना अंदाज आला. किनारा जवळपास 1,900 किलोमीटरचा, त्यावर हजारो मासेमारी होड्या, आणि नौदलाच्या मोठ्या जहाजांना उथळ पाण्यात शिरता येईना. उथळ पाण्यात होड्या अडवून झडती घेण्याची सवय कुणाला? कोस्ट गार्डला. ‘ऑपरेशन मार्केट टाइम’मध्ये त्यांच्या 82 फुटी ‘पॉइंट’ वर्गातल्या 26 बोटी गेल्या. पांढऱ्या रंगाच्या या बोटी रात्रीच्या अंधारात लांबून उठून दिसत, म्हणून तिकडे पोचल्यावर त्यांना करडा रंग फासला.

एका बोटीवर डझनभर माणसं. दिवसभर होड्यांना हाका मारायच्या, कागद तपासायचे, माशांच्या टोपल्या उपसून बघायच्या. सायगावच्या आग्नेयेला रुंग साट नावाचा खारफुटीचा प्रचंड पट्टा आहे, चहूकडे चिखल आणि खाड्यांचं जाळं. मार्च 1966 मध्ये ‘पॉइंट व्हाइट’ तिथल्या सोई राप नदीत गस्तीला होती. आपण निघून जातोय असं भासवून ती अंधारात माघारी वळली आणि नदी ओलांडणाऱ्या एका होडीवर सरळ जाऊन आदळली. ‘बोटी जमिनीपासून लांब होत्या’ हे विधान इथे किती तकलादू आहे ते बघा. दोन्ही बाजूंना झाडं, आणि त्याच झाडांवर अमेरिकन विमानांची फवारणी चाललेली.

फवारणी म्हणजे एजंट ऑरेंज. हे काही संत्र्याच्या रंगाचं द्रव नव्हतं. पिंपांवर नारिंगी पट्टा असायचा, म्हणून ते नाव. आत दोन तणनाशकं निम्मी-निम्मी. त्यातलं एक टू-फोर-डी. उसातलं तण मारायला आजही आपल्याकडे ते सर्रास वापरतात, आणि वाऱ्यावर उडून शेजारच्या द्राक्षबागेवर गेलं की काय होतं ते नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना विचारा. पानं आक्रसून पंख्यासारखी होतात, कोंब वेडेवाकडे वळतात. कारण हे विष झाडाला उपाशी मारत नाही की जाळत नाही. ते झाडाच्या स्वतःच्या वाढीच्या संप्रेरकाचं सोंग घेतं. झाडाला वाटतं, वाढायचा हुकूम आलाय. मग ते वाढत सुटतं, पेशी वाटेल तशा फुगतात, नळ्या तुंबतात आणि वाढता वाढता झाड मरतं. आहे की नाही कमाल?

आणि खारफुटीसारखं नाजूक झाड दुसरं नाही. आतल्या जंगलात मोठी झाडं मारायला पुन्हापुन्हा फवारावं लागे. कांदळाच्या जातीला मात्र एक फवारणी पुरे. पानं गळाली की जुन्या लाकडातून पुन्हा फुटवा काढण्याची सोयच या झाडाकडे नाही. 1962 ते 1971 या काळात दक्षिण व्हिएतनामवर सगळी मिळून सात कोटी लिटरांहून जास्त तणनाशकं पडली. रुंग साटचं जंगल चिखलात उभ्या राहिलेल्या काटक्यांचं झालं.

पण माणसांना छळणारी गोष्ट या तणनाशकांपैकी एकही नव्हती. पिंपातलं दुसरं रसायन टू-फोर-फाइव्ह-टी. ते बनवताना तापमान जरा जास्त चढलं की एक नको असलेला पदार्थ आपोआप तयार होतो, डायॉक्सिन. दहा लाख भागांत जेमतेम काही भाग, म्हणजे डोळ्यांना दिसणार नाही आणि जिभेला कळणार नाही असा गाळ. कोट्यवधी लिटर एजंट ऑरेंजमध्ये मिळून हे डायॉक्सिन फार तर काही शे किलो भरेल, इतकंच. सगळं रामायण या काही शे किलोंचं आहे.

आता बोटीवर येऊ. डायॉक्सिनला पाण्याचा तिटकारा आहे. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. मातीच्या कणांना आणि कुजलेल्या पाचोळ्याला ते घट्ट धरून बसतं. पाऊस आला की तो गाळ ओढ्यात, ओढ्यातून नदीत, नदीतून समुद्रात. मुखापाशी गढूळ पाण्याचा पट्टा लांबवर पसरतो, आणि त्याच पट्ट्यात किनाऱ्याला समांतर जहाजं फिरताहेत. कोस्ट गार्डचीही मोठी कटर जहाजं तिथे होती. आठवडेच्या आठवडे समुद्रात राहायचं तर गोडं पाणी लागतं. ते समुद्राच्या पाण्यापासूनच बनवायचं. खारं पाणी आत घ्या, हवेचा दाब कमी करून ते शंभर अंशांच्या बरंच खाली उकळा, वाफ थंड करा. मीठ मागे राहतं, गोडं पाणी पुढे जातं. आधी बॉयलरला आणि उरलेलं माणसांना, प्यायला, स्वयंपाकाला, आंघोळीला. बंदराजवळचं गढूळ पाणी शक्यतो घेऊ नये असा शिरस्ता असतो, पण ज्याचं कामच किनारा धरून फिरण्याचं, त्याने कुठलं पाणी घ्यावं?

तुम्ही म्हणाल, यात काळजी कसली? डायॉक्सिन वितळायलाच 305 अंश सेल्सिअस लागतात. मीठ मागे राहतं तसं तेही मागे राहणार. अगदी तर्कशुद्ध, आणि अगदी चूक! सर्दी झाल्यावर वाफारा घेताना गरम पाण्यात नीलगिरीचं तेल टाकता ना? त्या तेलातलं मुख्य द्रव्य 176 अंशांना उकळतं. पातेल्यातलं पाणी शंभरच्या वर जातच नाही. तरी पहिल्याच श्वासाला नाक झणझणतं. कारण ते तेल पाण्यात मिसळत नाही, पाण्याला त्याला धरून ठेवता येत नाही, आणि वाफ निघाली की तेही तिच्यासोबत निघतं. डायॉक्सिनचं नेमकं हेच. ज्या गुणामुळे ते पाण्यात राहायला नाखूश, त्याच गुणामुळे ते वाफेबरोबर पळायला तयार.

हे अंदाजाने म्हटलेलं नाही. ऑस्ट्रेलियाच्या नौदलातही व्हिएतनामला गेलेले लोक होते, आणि तिथल्या पाहणीत एक विचित्र गोष्ट दिसली. नौदलातल्या माजी सैनिकांमध्ये मृत्यूचं प्रमाण जमिनीवर लढलेल्यांपेक्षा चढं निघालं. जंगलात राहिलेले बरे आणि जहाजावरचे वाईट, हे कसं? मग क्वीन्सलंडच्या संशोधकांनी जहाजावरच्या यंत्राची छोटी आवृत्ती उभारून प्रयोग केला आणि 2002 मध्ये निष्कर्ष दिला, की डायॉक्सिन वाफेबरोबर येतं. नुसतं येत नाही, तर मूळ पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात ते जास्त दाट होतं, कारण पाण्याचा थोडाच भाग वाफ होतो आणि विष मात्र त्या पहिल्या वाफेतच घाईने निघून जातं. जे यंत्र पाणी शुद्ध करायला बसवलं, त्यानेच विष गाळून घट्ट करून दिलं!

प्रयोगाला एक पण होता, तो लपवू नये. पाण्यात गाळ जास्त असला की डायॉक्सिन गाळालाच चिकटून राहतं आणि वाफेत कमी येतं. शिवाय त्या काळात प्रत्यक्ष समुद्राच्या पाण्यात किती डायॉक्सिन होतं हे कुणी मोजलेलंच नाही. म्हणून अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2011 मध्ये या प्रकरणाचा छडा लावायचा प्रयत्न करून हात टेकले. हे शास्त्रदृष्ट्या शक्य आहे, पण अमक्या जहाजावर तसं घडलंच, असं छातीठोक सांगता येत नाही. मला हे उत्तर प्रामाणिक वाटतं, आणि आजारी माणसाला ते किती कुचकामी वाटलं असेल तेही समजतं.

बरं, प्यायलेल्या पाण्याचा हिशोब चाळीस वर्षांनी का लागतो? आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत एक प्रथिन आहे, त्याला एएच रिसेप्टर म्हणतात. ते फार जुनं, कोट्यवधी वर्षांचं. त्याचं काम म्हणजे पेशीत आलेले विशिष्ट आकाराचे रेणू ओळखून पेशीच्या केंद्रकात जायचं आणि काही जनुकं चालू करायची, म्हणजे त्या रेणूंचा निकाल लावणारी विकरं तयार होतात. कोबी, फ्लॉवर खाल्ल्यावर तयार होणारे काही रेणूही याच्याशी जुळतात. रेणू आला, बटण दाबलं, विकरं आली, रेणू मोडला, बटण सुटलं. छान व्यवस्था. डायॉक्सिन मात्र या खाचेत हातमोज्यासारखं बसतं आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर क्लोरिनचे चार अणू असे रोवलेले असतात की विकरांना त्याचा चावा घेता येत नाही. बटण दाबलेलंच राहतं. त्याच्या मागे कोणत्या पेशीत काय काय बिघडत जातं, याची यादी अजून पूर्ण झालेली नाही.

प्राण्यांमध्ये तर कहरच. जेवढ्या डोसात गिनीपिग मरतो, त्याच्या हजारपटीहून जास्त डोस हॅम्स्टर पचवतो. दोघेही उंदरांचे भाऊबंद! मग माणूस कुणासारखा? कोणत्या प्राण्यावरचा आकडा धरायचा? यावर शास्त्रज्ञांचे वर्षानुवर्षं वाद झाले. 1997 मध्ये कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने या रेणूला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं.

आता सगळ्यात चकवणारा भाग. डायॉक्सिन चरबीत मुरतं आणि तिथून अतिशय संथपणे बाहेर पडतं. निम्मं व्हायला सात ते अकरा वर्षं. समजा, 1967 मध्ये वीस वर्षांचा एक पोरगा कटरवर होता. आठ वर्षांचा हिशोब धरला तर 2007 पर्यंत ते पाच वेळा निम्मं होतं, म्हणजे उरलं बत्तिसावा हिस्सा. तेवढं तर तुमच्या-माझ्यासारख्या कुणाच्याही रक्तात असतं, कारण धुरातून, दुधातून, माशांतून थोडं डायॉक्सिन आपण सगळेच घेतो. विमानातून फवारणी करणाऱ्यांच्या रक्तात 1987 मध्येसुद्धा ते इतरांपेक्षा ठळकपणे जास्त सापडलं होतं. पण त्याच सुमारास जमिनीवरच्या सामान्य सैनिकांचं रक्त तपासलं तर ते घरी बसलेल्यांसारखंच निघालं. आजार कळायच्या वयात पुरावा पुसला गेलेला असतो.

म्हणून 1991 च्या कायद्याने पुराव्याचा आग्रहच सोडून दिला. तुम्ही व्हिएतनामला होतात आणि यादीतला आजार झालाय, तर दोन्हींचा संबंध आहे असं सरकार मानून चालेल आणि भरपाई देईल. पहिल्या यादीत थोडेच आजार होते. पुढे टाइप टू मधुमेह आला, 2010 मध्ये पार्किन्सन आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, 2022 मध्ये उच्च रक्तदाब. पण ‘व्हिएतनामला’ म्हणजे कुठे? 2002 पासून माजी सैनिक विभागाचं धोरण असं झालं, की जमिनीवर प्रत्यक्ष पाय ठेवलेला पाहिजे किंवा देशातल्या नद्यांत गेलेलं पाहिजे. नदीत शिरलेली बोट चालेल, बाहेर समुद्रात थांबलेली चालणार नाही. जणू विषाला चिखलाची हद्द कळते! मग सुरू झाली लॉगबुकांची झडती. कोणत्या जहाजाने कोणत्या दिवशी कुठे नांगर टाकला, कोणत्या नदीच्या मुखात शिरलं, कोण होडीने किनाऱ्यावर जाऊन परत आला. उतारवयात माणसं तरुणपणीच्या जहाजाची पानं उलटत बसली. जानेवारी 2019 मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला, की देशाचा प्रादेशिक समुद्र, म्हणजे 12 सागरी मैलांपर्यंतचं पाणी, हाही त्या देशाचाच भाग आहे. त्याच वर्षी कायदा झाला आणि 1 जानेवारी 2020 पासून ‘निळ्या पाण्यातले’, म्हणजे बाहेर समुद्रातच राहिलेले, लोकही आत आले. अनेकांच्या बाबतीत हक्काचा पैसा त्यांच्या विधवांकडे गेला.

हे झालं बोटीवरच्यांचं, जे महिन्या-वर्षाने घरी परतले. ज्यांच्या विहिरी, तळी आणि बदकं तिथेच होती, त्या व्हिएतनामी माणसांना परतायला दुसरं घर नव्हतं. रुंग साटमध्ये नंतर त्यांनी हातांनी कांदळाची रोपं लावली. आज तिथे दाट जंगल आहे आणि कान जियो या नावाने युनेस्कोने 2000 मध्ये त्याला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला.

पण जिथे पिंपं साठवली आणि विमानात भरली, त्या विमानतळांची माती इतक्या सहजासहजी सुधारत नाही. दा नांगला 2012 ते 2018 मध्ये सुमारे 90 हजार घनमीटर माती उकरून काँक्रीटच्या एका प्रचंड पेटीत भरली आणि आत तापलेल्या कांड्या खुपसून 335 अंशांपर्यंत भाजली, तेव्हा कुठे डायॉक्सिनने माती सोडली. जहाजावर शंभरच्या खालच्या वाफेत स्वखुशीने चढून बसणारा हाच रेणू! पाण्यातून काढायला इतका सोपा आणि मातीतून काढायला इतका हट्टी, कारण पाणी त्याला नकोसं आणि माती हवीशी. बिएन होआ तळावरचा ढिगारा दा नांगच्या पाचपटीहून मोठा आहे. तिथलं काम 2019 मध्ये सुरू झालं आणि अजून चालू आहे.