थिनरची वाफ आणि शेजारची शेगडी

गेल्या दिवाळीच्या तोंडावर एका रंगाऱ्याला दोन्ही हात भाजलेल्या अवस्थेत माझ्या दवाखान्यात आणले. बंद खोलीत कपाटाला पॉलिश चालू होते. त्याचा पहिला प्रश्न होता, "डॉक्टरसाहेब, गॅस तर पलीकडे स्वयंपाकघरात होता. मग आग माझ्यापर्यंत आली कशी?"

त्याचे कारण थिनरच्या वाफेत आहे. थिनरमध्ये पुष्कळदा टोल्यूइन असते. सुमारे ४ अंश सेल्सिअसलाही ते पेट घेण्याइतकी वाफ सोडते. ही वाफ हवेच्या तिप्पट जड असल्याने वर न जाता जमिनीलगत पसरते. शेगडीपाशी पोचली की पेटते आणि ज्वाळा त्याच वाटेने डब्यापर्यंत येते.

म्हणून थिनर वापरताना दारे-खिडक्या उघड्या ठेवा. शेजारच्या खोलीतील गॅस आणि देव्हाऱ्यातील दिवाही विझवा. विडी-सिगारेट नको. डोके जड झाले, चक्कर आली तर लगेच मोकळ्या हवेत या.

थिनर पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. मुलाने चुकून प्यायल्यास उलटी करवू नका, ते फुप्फुसांत शिरते. तडक रुग्णालय गाठा. भाजल्यास त्या भागावर वीस मिनिटे नळाचे पाणी सोडा. टूथपेस्ट किंवा शाई लावू नका.

माझा रंगारी बरा होऊन कामाला लागला आहे. आता डब्याचे झाकण उघडण्याआधी तो विचारतो, "वहिनी, गॅस बंद आहे ना?"