आधी ताटात, मग ग्रंथात

लंडनच्या एका दुकानात वाळवलेल्या अळंबीचं पाकीट विकायला होतं. वर नाव होतं ‘पोर्चिनी’. जाड दांड्याची, तपकिरी टोपीची ही अळंबी इटालियन लोक भातात आणि पास्त्यात घालतात. या पाकिटातला माल मात्र चीनचा होता. क्यू इथल्या शाही वनस्पती उद्यानातले ब्रिन डेंटिंजर आणि लॉरा मार्टिनेझ-सुझ यांनी त्यातले १५ तुकडे घेऊन त्यांचा डीएनए तपासला. तुकडे तीन वेगवेगळ्या प्रजातींचे निघाले आणि तिन्हींपैकी एकीलाही शास्त्रीय नाव नव्हतं! २०१४ साली त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तिघींचं रीतसर बारसंही झालं. बोलेटस बैन्युगान, बोलेटस मेईवेईन्युगानजून आणि बोलेटस शियोंग अशी चिनी भाषेतूनच घेतलेली नावं त्यांना मिळाली.

माझी सगळी नोकरी सावंतवाडीच्या परिसरात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात झाली. पेपरात ‘सह्याद्रीत नवी प्रजाती सापडली’ अशी बातमी आली की मुलं विचारायची, “बाई, आपल्याला कधी सापडणार?” त्यांच्या डोळ्यांसमोर किर्र रान, जळवा आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला शास्त्रज्ञ असायचा. मी त्यांना या पाकिटाची गोष्ट सांगायची. जी प्रजाती विज्ञानाला ठाऊक नव्हती, ती कुणीतरी काढली, चिरली, वाळवली, विकली आणि कित्येकांनी खाऊनही टाकली होती.

खाण्याजोग्या रानअळंबीच्या बाबतीत हे वरचेवर घडतं. झांबियात पावसाळ्यात वारुळांवर एक प्रचंड अळंबी उगवते. तिची टोपी एक मीटरपर्यंत रुंद होऊ शकते. रस्त्याच्या कडेला लोक ती विकायला बसतात. एवढी मोठी वस्तू नजरेतून सुटणं शक्य नाही, पण तिचं शास्त्रीय वर्णन झालं ते थेट १९८० साली. पेग्लर आणि पिअर्स यांनी तिला टर्मिटोमायसिस टायटॅनिकस हे नाव दिलं. कॅलिफोर्नियात ओकच्या झाडांखाली उगवणारी पिवळी शँटरेल लोक वर्षानुवर्षं युरोपातलीच समजून खात होते. ती वेगळी आहे हे डेव्हिड अरोरा आणि सुझी डनहॅम यांनी २००८ साली दाखवलं आणि तिचं नाव कँथरेलस कॅलिफोर्निकस झालं.

मग ‘नवी’ म्हणजे काय? मूल जन्माला येतं तेव्हाच ते माणूस असतं. ग्रामपंचायतीतला दाखला मागाहून निघतो. नव्या प्रजातीचं जाहीर होणं हे त्या दाखल्यासारखं आहे. पण म्हणून त्याला निव्वळ कागदी घोडा समजू नये. दाखला निघण्याआधी एक गोष्ट सिद्ध करावी लागते: आजवर नाव मिळालेल्या सगळ्या भावंडांपेक्षा ही निराळी आहे. अळंबी-बुरशी ज्या गटात येतात त्या कवकांच्या सुमारे दीड लाख प्रजातींना नावं मिळालेली आहेत. २०१७ साली हॉक्सवर्थ आणि ल्यूकिंग यांनी मांडलेला अंदाज असा, की जगात एकूण २२ ते ३८ लाख असाव्यात. म्हणजे बहुतेकींचे दाखले अजून निघायचेच आहेत.

हे काम कसं चालतं ते आमच्या बाजारापासून सांगते. मृगाचा पाऊस मुरला, ढग गडगडले की आषाढ-श्रावणात सावंतवाडीच्या बाजारात रस्त्याकडेला सागाच्या पानांवर अळंबी दिसू लागते. दर ऐकून माणूस दोन पावलं मागे सरतो आणि तरीही घेतो. मी पिशवी उघडण्याआधी विचारायची, “मावशी, खंयची ही?” एका मावशींचं उत्तर दरवर्षी तेच असायचं: “वारुळावरची, बाई. वारूळ नसला तर मी हात लावणंय नाय.” टोपी पुरती उघडण्याआधी, कळी असतानाच काढायची, जमिनीतला दांडा हळूच उपसायचा, हेही त्या न विचारता सांगत. आमच्या वहीत याला अधिवास, वाढीची अवस्था आणि नमुना काढण्याची पद्धत अशी तीन वेगवेगळी सदरं असत.

घरी आणली की अर्धी भाजीला आणि अर्धी टेबलावर. टेबलावरचीला आधी पाणी लावायचं नाही. टोपीचा रंग, मधलं टोक, दांड्याची लांबी, वास, सगळं ताजं असतानाच लिहायचं. वाळली की यातलं निम्मं नाहीसं होतं. उभा काप देऊन आतला गर रंग बदलतो का ते पाहायचं. मग एका टोपीचा दांडा कापून ती अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर पालथी ठेवायची आणि वर वाटी झाकायची. सकाळी वाटी उचलली की कागदावर टोपीखालच्या पात्यांची नक्षी उमटलेली असते, मध्यातून कडेकडे जाणाऱ्या बारीक रेषांची. लाखो बीजाणू गळून ती बनते. वारुळावरच्या अळंबीची छाप फिकट गुलाबी येते. तिच्या शेजारी मी मुद्दाम आणखी एक छाप ठेवायची: हिरवळीवर उगवणाऱ्या, पांढऱ्या टोपीवर तपकिरी खवले असलेल्या क्लोरोफायलम मॉलिब्डाइटिसची. ती हिरवट येते. ही बया दिसायला भाजीजोगी, पण खाल्ली तर काही तासांत उलट्या-जुलाबांनी माणूस आडवा होतो. बीजाणूंचा रंग आजचा नाही. स्वीडनच्या एलियास फ्रीस यांनी १८२१ पासून जे अळंबीचं वर्गीकरण रचलं, त्याचा तो एक कणा होता.

पुढचं काम सूक्ष्मदर्शकाखाली. बीजाणूंची लांबी-रुंदी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजायची. एक-दोन मोजून भागत नाही, पुष्कळ मोजावे लागतात. मुलांना याचा कंटाळा यायचा आणि तो रास्तच होता. त्यानंतर डीएनए. कवकांसाठी आयटीएस नावाचा तुकडा ओळखपट्टी म्हणून वापरायचं २०१२ साली ठरलं. त्याचा क्रम काढून जगभरच्या संग्रहांतल्या क्रमांशी ताडून पाहतात. हुबेहूब दिसणाऱ्या दोघी परक्या निघतात आणि निराळ्या दिसणाऱ्या दोघी सख्ख्या, ते इथे.

एवढं करून वेगळेपण टिकलं, तर नाव द्यायचं. त्याचे नियम सगळ्या जगाला एकच आहेत. २०११ अखेरपर्यंत वर्णन लॅटिनमध्येच लिहावं लागे. २०१२ पासून इंग्रजी चालतं. २०१३ पासून कवकाचं नवं नाव ठरलेल्या नोंदणीकोशात चढवून क्रमांक घ्यावा लागतो. आणि एक वाळवलेला मूळ नमुना निवडून तो संग्रहालयात कायमचा जपावा लागतो. उद्या कुणाला शंका आली तर वाद वर्णनावर होत नाही, पाकीट उघडून नमुना बघतात. त्या लंडनच्या पाकिटातले तुकडेच आज क्यूच्या संग्रहात मूळ नमुने म्हणून आहेत. आपल्याकडे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अजरेकरांच्या नावाचा कवकसंग्रह आहे, तिथे असे नमुने ठेवले जातात.

आता आमच्या वारुळावरच्या अळंबीकडे येऊ. विदर्भात जिला सात्या म्हणतात, कोकणात आणि गोव्यात जिच्यावर उड्या पडतात, ती सगळी एकाच टर्मिटोमायसिस गटातली मंडळी आहेत. ही अळंबी वाळवी पिकवते. वाळवी पालापाचोळा आणि लाकूड खाते, त्याची विष्ठा रचून वारुळाच्या पोटात स्पंजासारखे मळे बांधते. त्या मळ्यांवर ही बुरशी वाढते, लाकडातले चिवट घटक पचवते आणि वाळवीला अन्न पुरवते. पावसाळ्यात त्या मळ्यातून मुळासारखा लांब दांडा माती भेदत वर येतो आणि टोपी उघडतो. म्हणून मावशींची वारुळाची अट फार मोलाची. वाळवीवाचून तिची व्यापारी लागवड अजून कुणाला साधलेली नाही, म्हणून तो दर.

या गटाची शास्त्रीय कुंडली मजेशीर आहे. गवतात चांदण्यांसारख्या शेकड्यांनी उगवणाऱ्या इवल्या अळंबीचं वर्णन १८७१ साली झालं. नमुने सिलोनचे, वर्णन करणारे बर्कले आणि ब्रूम इंग्लंडात. तेव्हा ती सरसकट अ‍ॅगॅरिकस या नावाखाली गेली. वाळवीशी नातं असलेल्या या अळंबींचा स्वतंत्र गट फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजे एम (Heim) यांनी १९४२ साली केला. पुढे १९७९ साली मद्रास विद्यापीठाचे के. नटराजन यांनी दक्षिण भारतातल्या एका मोठ्या, पांढऱ्या, चवदार प्रजातीचं वर्णन केलं आणि एम यांच्या सन्मानार्थ तिला टर्मिटोमायसिस हायमी म्हटलं. दक्षिणेतल्या लोकांनी ती तोवर किती पिढ्या खाल्ली असेल, कोण जाणे!

इथे मुलांचा हमखास प्रश्न यायचा: “मग डीएनए काढला की खायची का नाही ते कळेल ना?” नाही कळत. डीएनए सांगतो ती कोण आहे. ती खाण्याजोगी आहे की नाही, हे माणसांच्या अनुभवातून येतं. काही विषं ओळखून प्रयोगशाळेत मोजता येतात, पण एखादी अळंबी निर्धोक असल्याचं प्रमाणपत्र कुठलंही यंत्र देत नाही. चांदीचा चमचा काळा पडतो का, लसूण निळा होतो का, किडे लागलेत का, हे घरगुती उपाय तर साफ खोटे. अमानिटा गटातल्या काही जहाल अळंबींचं विष शिजवून जात नाही, आणि पहिली लक्षणं सहसा सहा-बारा तासांनी दिसतात. मधल्या वेळात विष यकृताकडे पोचलेलं असतं.

अनुभवालाही मर्यादा आहेत. युरोपात ट्रायकोलोमा इक्वेस्ट्रे ही पिवळी अळंबी शतकानुशतकं आवडीने खाल्ली जाई. फ्रान्समध्ये १९९२ ते २००० या काळात ती वरचेवर, भरपूर खाल्लेले १२ जण स्नायू झिजून गंभीर आजारी पडले आणि त्यातले तिघे दगावले. २००१ साली हे प्रसिद्ध झालं. आज आपण जाणतो की त्या एका नावाखाली एकमेकींना फार जवळच्या अनेक प्रजाती वावरतात. त्यांतली कोणती कुणी खाल्ली, हे जुन्या रुग्णांच्या बाबतीत सांगणं कठीण. म्हणजे नाव सैल असलं की त्या नावाला चिकटलेला ‘खाण्याजोगी’ हा शेराही सैल होतो. वर्गीकरणाचा स्वयंपाकघराशी संबंध इथे येतो. ते अभ्यासकांचे चोचले नव्हेत.

आपल्याकडे हा प्रश्न अजून मोठा आहे. पुण्यात साठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली नैर्ऋत्य भारतातल्या अळंबींवर ग्रंथ काढला, तो आजही हाताशी लागतो. तरी एकूण जुन्या याद्यांत आपल्या अळंबींना युरोपीय पुस्तकांतली नावं लागलेली पुष्कळ आढळतात. हाताशी दुसरी पुस्तकंच नव्हती, त्या लोकांचा काय दोष? त्यातल्या कितीतरी नावांची आता नमुना आणि डीएनए घेऊन फेरतपासणी व्हायला हवी. कॅलिफोर्नियाच्या शँटरेलचं जे झालं, ते आपल्या अळंबींचं होणार नाही असं मानायला काही आधार नाही.

पण फेरतपासणी म्हणजे नुसता डीएनए नव्हे. लंडनच्या पाकिटाने तीन नावं दिली, मात्र त्या अळंबी कुठल्या झाडाखाली उगवल्या, ओल्या असताना कशा दिसत, कुठली आधी येते आणि कुठली मागाहून, हे वाळलेल्या तुकड्यांत कुठून मिळणार? पोर्चिनीचं आयुष्य जिवंत झाडांच्या मुळांशी जोडलेलं असतं. झाड ठाऊक नसेल तर अळंबीची अर्धी हकिगतच गायब. ती हकिगत ती खुडणाऱ्या चिनी खेडुतापाशी आहे, आणि आमच्याकडची मावशींपाशी. क्रमवाचक यंत्र तालुक्याला नसलं तरी हे टिपायला वही पुरते.

म्हणून मी मुलांना बाजारात पाठवायची. विकत घ्या, पण आधी विचारा: कुठून काढली, वारुळावर की लाकडावर, कुठल्या झाडाजवळ, कुठल्या नक्षत्रात, कशी शिजवता, कुणाला बाधली होती का. ओळखीच्या विक्रेत्याकडून घेतलेलीच खायची. रानात स्वतः खुडून ‘बघू तर’ म्हणून तोंडात घालायची नाही. एक नमुना जपून वाळवा आणि चिठ्ठीवर हे सगळं लिहा, विकणारीच्याच शब्दांत. लॅटिन नाव तोंडपाठ, बीजाणूंची मापं अचूक, पण चिठ्ठीवरची ती जागा कोरी, असे नमुने दरवर्षी यायचे. त्यांना मी अर्धेच गुण द्यायची. तक्रारी पुष्कळ झाल्या. गुण काही वाढवले नाहीत.