बुलढाणा जिल्ह्यातील प्रादेशिक नियोजन व ग्रामविकास

बुलढाणा जिल्ह्यातील प्रादेशिक नियोजन व ग्रामविकास या संज्ञेत महाराष्ट्राच्या अमरावती विभागातील बुलढाणा जिल्ह्याची साधनसंपत्ती, शेती, पाणी, रस्ते, वसाहती व लोकसेवा यांच्या विकासासाठी शासनाने, स्थानिक स्वराज्य संस्थांनी आणि ग्रामसमुदायांनी केलेल्या प्रयत्नांचा समावेश होतो. जिल्ह्याचे क्षेत्रफळ ९,६६१ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५,८६,२५८ इतकी होती. त्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोक ग्रामीण भागात राहत होते. जिल्ह्यात १३ तालुके आहेत. कोरडवाहू शेतीचे मोठे प्रमाण, सिंचनाचा अनुशेष आणि भूरचनेमुळे पडलेले दोन भिन्न विभाग यांमुळे या जिल्ह्याचे उदाहरण महाराष्ट्रातील प्रादेशिक असमतोलाच्या अभ्यासात महत्त्वाचे मानले जाते.

भौगोलिक पार्श्वभूमी

अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे जिल्ह्याचे ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ असे दोन भाग पडतात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा व देऊळगाव राजा हे तालुके प्रामुख्याने घाटावर आहेत. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद व संग्रामपूर हे तालुके घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यात येतात. मोताळा व खामगाव हे तालुके घाटाच्या पायथ्याशी व उतारावर पसरलेले आहेत. उत्तर सीमेवर सातपुड्याची रांग असून तेथे आदिवासी वस्त्या आहेत.

हा भेद केवळ उंचीचा नाही. घाटाखालचे पाणी पूर्णेतून तापीला मिळते, तर घाटावरील पैनगंगा व खडकपूर्णा या नद्या गोदावरीच्या खोऱ्यात जातात. घाटावर जमीन तुलनेने उथळ व मुरमाड असल्याने पाणी वाहून जाते. घाटाखाली खोल काळी जमीन आहे. मात्र तिचा बराच भाग खारपाण पट्ट्यात मोडतो. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात भूजल खारट असते. ते पिण्यास योग्य नसते आणि सिंचनास वापरल्यास चिकण जमीन घट्ट होऊन नापीक होण्याचा धोका असतो. त्यामुळे विहिरी खोदून शेती भिजवण्याचा जो मार्ग इतरत्र उपयोगी पडतो, तो येथे खुंटतो. एकच योजना साऱ्या जिल्ह्याला लागू करता येत नाही, याचे मूळ या भूरचनेत आहे.

कापूस, सोयाबीन, तूर व हरभरा ही जिल्ह्यातील प्रमुख पिके होत. देऊळगाव राजा व सिंदखेड राजा परिसरात शेडनेटमधील भाजीपाला बीजोत्पादनाने अलीकडे पर्यायी उत्पन्नाचे साधन निर्माण केले आहे.

प्रशासकीय इतिहास

१८५३ साली वऱ्हाड प्रांत निजामाकडून ब्रिटिशांच्या ताब्यात आला. पूर्वीच्या बुलढाणा जिल्ह्यात चिखली, मलकापूर व मेहकर हे तीन तालुके होते. १९०५ साली अकोला जिल्ह्यातील खामगाव व जळगाव हे तालुके त्यास जोडण्यात आले. ब्रिटिश काळातील विकासाची दिशा कापसाच्या व्यापाराने ठरवली. जलंब ते खामगाव हा लोहमार्गाचा फाटा १८७० साली सुरू झाला तो कापसाच्या वाहतुकीसाठीच. भुसावळ–नागपूर लोहमार्ग घाटाखालून गेल्याने मलकापूर, नांदुरा, शेगाव व खामगाव येथे बाजारपेठा वाढल्या. जिल्ह्याचे मुख्यालय बुलढाणा मात्र घाटावर व लोहमार्गापासून दूर राहिले. खामगाव–जालना लोहमार्गाची आणि स्वतंत्र खामगाव जिल्ह्याची मागणी या जुन्या विषमतेतूनच पुढे आली आहे.

स्वातंत्र्यानंतर मध्य प्रांत व वऱ्हाडच्या १९४८ च्या स्थानिक शासन अधिनियमाने तहसील पातळीवर जनपद सभांची कल्पना आणली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशभर सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला. गावांचे गट पाडून शेती, आरोग्य, शिक्षण व दळणवळण यांची एकत्रित उन्नती साधावी, हा त्याचा हेतू होता. हा कार्यक्रम सरकारी यंत्रणेपुरता उरला असून त्यात लोकांचा पुढाकार नाही, असा निष्कर्ष बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली काढला आणि निवडून आलेल्या संस्थांकडे अधिकार देण्याची शिफारस केली. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. विकासगटाची जागा पंचायत समितीने घेतली. आज जिल्ह्यात १३ पंचायत समित्या व सुमारे ८७० ग्रामपंचायती आहेत.

नियोजनाची यंत्रणा

जिल्ह्याच्या नियोजनात दोन भिन्न प्रकारच्या योजना असतात. सामान्य वाचकाकडून त्यांची गल्लत होण्याचा संभव असतो.

पहिला प्रकार जमिनीच्या वापराचा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये प्रादेशिक योजना तयार केली जाते. कोणती जमीन शेतीसाठी राखावी, वस्ती कोठे वाढू द्यावी, उद्योग, रस्ते, वने व जलाशय यांसाठी कोणते क्षेत्र ठेवावे, हे अशी योजना ठरवते. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांना हरकती व सूचना मांडण्याचा हक्क असतो.

दुसरा प्रकार निधीच्या वाटपाचा आहे. त्यास जिल्हा वार्षिक योजना म्हणतात. ७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानात समाविष्ट झालेल्या अनुच्छेद २४३ यघ नुसार आणि राज्याच्या १९९८ च्या अधिनियमानुसार जिल्हा नियोजन समिती ही योजना मंजूर करते. पालकमंत्री समितीचे अध्यक्ष व जिल्हाधिकारी सदस्य सचिव असतात. समितीचे चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व नगरपालिका यांच्या सदस्यांतून निवडले जावेत, अशी घटनात्मक तरतूद आहे. स्थानिक संस्थांच्या निवडणुका लांबल्या म्हणजे या समितीतील लोकप्रतिनिधित्वही आपोआप क्षीण होते.

गावपातळीवर ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमांतर्गत ग्रामपंचायत विकास आराखडा तयार केला जातो. शिवारफेरी, गरजांची यादी, ग्रामसभेची मान्यता आणि वित्त आयोगाच्या निधीशी सांगड असे त्याचे टप्पे आहेत. हे गावाचे आराखडे एकत्र करून त्यांतून तालुक्याची व पुढे जिल्ह्याची योजना आकारास यावी, अशी मूळ कल्पना आहे. व्यवहारात विभागवार योजना वरून येतात आणि गावाच्या आराखड्यात नाली, रस्ता व सभागृह यांनाच अधिक जागा मिळते, अशी टीका केली जाते.

विकासाचा अनुशेष

महाराष्ट्राच्या नियोजनात ‘अनुशेष’ या शब्दाला विशिष्ट अर्थ आहे. एखाद्या सोयीच्या बाबतीत जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा जेवढा मागे असेल, ती तूट भरून काढण्यास लागणारा खर्च म्हणजे त्या जिल्ह्याचा अनुशेष होय. १९८३ साली अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या सत्यशोधन समितीने रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा आदी क्षेत्रांत हे मापन केले. समितीने राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये ठरवला. त्यात विदर्भाचा वाटा ३९.१२ टक्के होता.

संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) नुसार १९९४ साली विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांसाठी वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली आणि निधीच्या समन्यायी वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर आली. निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ च्या स्थितीवर आधारित नवा अनुशेष मोजला. इतर क्षेत्रांतील आर्थिक अनुशेष क्रमाने भरला गेला. सिंचनाचा भौतिक अनुशेष मात्र दीर्घकाळ शिल्लक राहिला आणि अखेरीस तो अमरावती विभागातील अमरावती, अकोला, वाशीम व बुलढाणा या चार जिल्ह्यांत केंद्रित झाला. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

या मापनपद्धतीची एक मर्यादा बुलढाण्यात ठळकपणे दिसते. जिल्हा हे एकक धरल्यास नळगंगेच्या लाभक्षेत्रातील गाव आणि खारपाण पट्ट्यातील गाव एकाच सरासरीत मिसळतात. तसेच निधी खर्च झाला म्हणजे शेतात पाणी पोहोचले, असे होत नाही. विजय केळकर समितीने २०१३ च्या अहवालात अवर्षणप्रवण क्षेत्र व खारपाण पट्टा यांसारख्या विशेष अडचणींच्या प्रदेशांचा स्वतंत्र विचार केला, तो या दृष्टीने महत्त्वाचा होय.

पाण्याचे नियोजन

नांदुरा तालुक्यात पूर्णा नदीवर उभारला जात असलेला जिगाव प्रकल्प हा जिल्ह्याचा सिंचन अनुशेष दूर करण्यासाठीचा सर्वांत मोठा प्रकल्प आहे. घाटाखालच्या तालुक्यांना गोडे पाणी पुरवणे हा त्याचा उद्देश आहे. १९९० च्या दशकात मान्यता मिळालेल्या या प्रकल्पाचा खर्च विलंबामुळे अनेक पटींनी वाढला. बुडित क्षेत्रात अनेक गावे येतात. भूसंपादन, मोबदला व नव्या गावठाणातील नागरी सुविधा यांचा क्रम बिघडला म्हणजे विस्थापित कुटुंबांची दुहेरी कोंडी होते. जुन्या गावात विकासकामे मंजूर होत नाहीत आणि नव्या गावात राहण्याजोगी सोय झालेली नसते. लाभक्षेत्र व बुडित क्षेत्र यांतील न्याय हा म्हणूनच या प्रकल्पाचा केवळ आनुषंगिक प्रश्न ठरत नाही.

पिण्याच्या पाण्यासाठी संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत वान धरणावर आधारित १४० गावांची प्रादेशिक पाणीपुरवठा योजना राबवण्यात आली. गोसीखुर्द जलाशयातून वैनगंगेचे पाणी सुमारे ४२६ किलोमीटर लांबीच्या कालव्याने नळगंगा प्रकल्पापर्यंत आणणाऱ्या वैनगंगा–नळगंगा नदीजोड प्रकल्पास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली मान्यता दिली. या जोडकालव्याच्या शेवटच्या टोकाला बुलढाणा जिल्हा आहे. कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्यास पाणी मिळणे हा सिंचन व्यवस्थापनातील जुना प्रश्न असल्याने या योजनेचे यश वाटपाच्या शिस्तीवर अवलंबून राहील.

बुलढाणा पॅटर्न

महामार्गाच्या भरावासाठी मोठ्या प्रमाणावर माती व मुरूम लागतो. तो डोंगर वा शेतजमीन पोखरून आणण्याऐवजी तलाव, नाले व नदीपात्रांच्या खोलीकरणातून घ्यावा, ही कल्पना जिल्ह्यातील राष्ट्रीय महामार्गांच्या कामात राबवली गेली. रस्त्याला गौण खनिज मिळाले आणि जलाशयांची साठवणक्षमता खोलीकरणासाठी वेगळा खर्च न करता वाढली. ही पद्धत ‘बुलढाणा पॅटर्न’ या नावाने ओळखली जाते.

२०१८ साली भारतीय जैन संघटना व राज्य शासन यांनी जिल्ह्यात ‘सुजलाम् सुफलाम्’ हा गाळ काढण्याचा कार्यक्रम हाती घेतला. यंत्रे संघटनेने पुरवावीत, इंधनाचा खर्च शासनाने करावा आणि गाळ शेतकऱ्यांनी स्वखर्चाने शेतात वाहून न्यावा, अशी तिहेरी विभागणी होती. त्याच वर्षी पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत मोताळा तालुक्यातील सिंदखेड या गावाने श्रमदानाच्या बळावर राज्यात दुसऱ्या क्रमांकाच्या बक्षिसात वाटा मिळवला.

या उपक्रमांना मर्यादाही आहेत. पाणलोट क्षेत्रात बांधबंदिस्ती व वृक्षाच्छादन नसेल, तर काही पावसाळ्यांत जलाशय पुन्हा गाळाने भरतो. अतिखोलीकरणाने तळातील पाणी धरून ठेवणारा थर फुटल्यास पाणी टिकत नाही. शिवाय वाढलेले पाणी कोणी व किती उपसावे, याचा गावाने नियम केला नाही, तर लाभ थोड्या विहीरमालकांपुरता राहतो. २०१८ पासून सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडून पीकनियोजन करण्यावर भर दिला आहे. खारपाण पट्ट्यातील गावांसाठी त्यात शेततळ्यांसारखे पावसाचे पाणी साठवणारे उपाय सुचवले आहेत.

सहकार व सामाजिक विकास

२००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील शेतकरी आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी जाहीर केलेल्या ३,७५० कोटी रुपयांच्या पॅकेजमध्ये बुलढाण्याचा समावेश होता. शेतीला वेळेवर पतपुरवठा हा त्यातील एक कळीचा विषय होता. बुलढाणा येथे १९८६ साली स्थापन झालेल्या बुलडाणा अर्बन सहकारी पतसंस्थेने गोदामात ठेवलेल्या शेतमालाच्या तारणावर कर्ज देण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर राबवली. हंगामात भाव पडलेला असताना माल विकण्याची सक्ती अशा कर्जामुळे टळू शकते.

सामाजिक निर्देशांकांत मुलींच्या घटत्या प्रमाणाचा प्रश्न गंभीर होता. २०१५ साली ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ योजनेच्या पहिल्या टप्प्यासाठी निवडलेल्या महाराष्ट्रातील दहा जिल्ह्यांत बुलढाण्याचा समावेश होता. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांत विद्यार्थिनींसाठी स्वतंत्र एस.टी. गाड्या सुरू झाल्या. गावात माध्यमिक शाळा नाही म्हणून मुलीचे शिक्षण थांबते, हे ओळखून केलेली ही योजना वाहतूक व शिक्षण यांचे एकत्रित नियोजन कसे करावे याचे साधे उदाहरण आहे.

महामार्ग व नवी केंद्रे

७०१ किलोमीटर लांबीचा मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग घाटावरच्या तालुक्यांतून जातो. त्याचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. महामार्गालगत मेहकर परिसरात व सिंदखेड राजा तालुक्यातील सावरगाव माळ येथे कृषी समृद्धी केंद्रे नियोजित आहेत. यात जमीनमालकाने जमीन एकत्रीकरणात देऊन मोबदल्यात विकसित भूखंड घ्यावा, अशी पद्धत सुचवली आहे. शेतमाल प्रक्रिया उद्योगांतून रोजगार निर्माण होईल, अशी अपेक्षा आहे. तर ओलिताची जमीन जाईल आणि भूमिहीन मजुरांच्या वाट्याला भूखंड येणार नाही, ही त्यावरील प्रमुख हरकत आहे. शेगावचे गजानन महाराज संस्थान, लोणार सरोवर व सिंदखेड राजा ही स्थळे जोडून पर्यटनविकास साधण्याचे प्रयत्नही होत आहेत. लोणार सरोवरास २०२० साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाल्याने तेथील बांधकाम व सांडपाणी यांचे नियमन अधिक आवश्यक झाले आहे.

मूल्यमापन

बुलढाणा जिल्ह्याच्या अनुभवातून नियोजनाची दोन सूत्रे पुढे येतात. मोठे धरण, कालवा वा महामार्ग यांचा निर्णय राज्य पातळीवरच होऊ शकतो. गावाच्या आराखड्यातून तो निघत नाही. उलट गाळ काढणे, पीकपद्धती ठरवणे, पाण्याचा उपसा मर्यादित ठेवणे ही कामे गावाच्या संमतीविना टिकत नाहीत. या दोन पातळ्यांना जोडणारा दुवा म्हणजे जिल्हा नियोजन समिती, पंचायत समिती व ग्रामसभा. हा दुवा जेथे दुर्बल राहिला, तेथे निधी खर्च होऊनही अनुशेष उरला. जेथे खर्चाचा व श्रमाचा वाटा आधीच स्पष्ट ठरला, तेथे अल्प निधीतही काम उभे राहिले. घाटावरचा व घाटाखालचा भाग यांसाठी वेगवेगळी मापे लावणे आणि विस्थापितांचे पुनर्वसन हे प्रकल्पाच्या खर्चाइतकेच मूलभूत मानणे, ही जिल्ह्याच्या पुढील नियोजनासमोरील प्रमुख आव्हाने आहेत.

हेही पहा

बुलढाणा जिल्हा
जिल्हा नियोजन समिती
खारपाण पट्टा
जिगाव प्रकल्प
दांडेकर समिती
पंचायत राज