ओल्या बाभळीची घाई नको

मृगाचा पाऊस चांगला झाला होता. वाफसा येताच वडिलांनी नवी पाभर जुंपली. चौथ्याच तासाला दिंड कडकन तडकले. चीर एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत गेली आणि फण हलू लागले.

दिंड बाभळीचेच होते, पण वैशाखात तोडलेल्या ओल्या लाकडाचे. सुतारकाकांनी बजावले होते, "अण्णा, लाकूड वलं हाय. अवंदा जुन्यावरच भागवा." वडिलांनी ऐकले नाही. शेजाऱ्याची पाभर मोकळी होईपर्यंत चार दिवस गेले, ओल उडाली, ज्वारी विरळ उगवली. त्या साली आमची कणगी माघातच तळाला गेली. मी तेव्हा शाळेत होतो. दोष झाडाचा नव्हता, हे पुढे शिकल्यावर कळले.

शेतकरी बंधूंनो, आता ट्रॅक्टर आला. तरी कुळव, बैलगाडी, कुऱ्हाड-कुदळीचे दांडे आणि गोठ्याच्या चौकटी यांना टणक लाकूड लागतेच. बांधावरची बाभूळ त्यात उत्तम. तिचे वाळलेले लाकूड घनफुटाला साधारण २२ ते २३ किलो भरते. पण असे भारी लाकूड हळूहळू वाळते आणि घाई केली की फाटते.

असे का होते? लाकडातली ओल ३० टक्क्यांच्या खाली उतरली की ते आकसू लागते. आकसणेही सारखे नसते. सालीला समांतर, गोलाईच्या दिशेने ते जास्त आकसते. सालीकडून गाभ्याकडे त्याच्या निम्मेच. म्हणून चिरा पडतात. ओल्या लाकडाला पाडलेली भोके आणि बसवलेल्या कुसाही वाळल्यावर ढिल्या होतात.

झाड तोडण्याआधी परवानगी लागते का, याची तलाठ्याकडे किंवा वनखात्याकडे चौकशी करा. तोडणी पौष-माघात करा. त्या थंडीत लाकूड सावकाश वाळते. फळ्या मात्र लगेच कापून घ्या. ओली बाभूळ करवतीला सोपी जाते, वाळली की दाते बोथट करते.

सालीलगतच्या पांढऱ्या भागात पिठूळ अंश असतो. त्यावर किडा पडतो आणि खाली भुगा सांडतो. जुनी माणसे लाकूड महिना-दीड महिना डोहात बुडवून ठेवत, ते याचसाठी. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत मात्र टाकू नका. अवजाराला शक्यतो लाल गाभाच घ्या.

फळ्यांच्या दोन्ही टोकांना डांबर किंवा जुना रंग फासा, कारण पाणी टोकांतून सर्वांत लवकर निघून जाते. सावलीत, जमिनीपासून फूटभर उंच थर रचा. दोन थरांमध्ये इंचभर जाडीच्या पट्ट्या एकाखाली एक येतील अशा ठेवा. वर दगड ठेवा, म्हणजे फळ्या वाकत नाहीत. वारा खेळू द्या. ऊन आणि पाऊस लागू देऊ नका.

वाळले हे कसे ओळखावे? एक तुकडा दर पंधरा दिवसांनी तराजूत घाला. हे काम घरातल्या शाळकरी मुला-मुलींना द्या, त्यांना वहीत लिहू द्या. कोरड्या दिवसांत लागोपाठ तीन वेळा वजन सारखेच भरले की लाकूड तयार. दोन इंची फळीला सहा महिने ते वर्ष धरून चाला.

काम करताना रंध्याचे पाते वरचेवर पाजवा आणि छिलका पातळ काढा. खिळा सरळ ठोकू नका. आधी गिरमिटाने भोक पाडा. स्क्रूला मेण किंवा साबण लावा. घासताना नाकावर फडके बांधा, भुसा छातीत जाऊ देऊ नका. दांडा तासताना लाकडाची रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ जाते ना, ते पाहा. आडव्या रेषेचा दांडा ऐन घावात मोडतो आणि कुऱ्हाड पायावर येते.

पुढल्या मृगाला नवे अवजार हवे असेल, तर लाकूड या हिवाळ्यातच थराला लावा. एक दिंड वर्षभर पडवीत पडून राहिले तर काही बिघडत नाही; वाफशाचे चार दिवस मात्र परत मिळत नाहीत.